अंगणाखाली उतरणारा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नाच्या मांडवात आणि वाढदिवसाच्या केकसमोर मिरवणारे जे कॅमेरे असतात, त्यांच्या कुळातला मी नव्हे. माझं काम जमिनीखालचं. संडास-न्हाणीचं पाणी ज्या नळातून टाकीकडे जातं, त्या नळात मी शिरतो आणि पाणी कुठे अडलंय ते वर उभ्या माणसांना दाखवतो. नाक मुरडलंत ना? मुरडा बापडे. मला त्याचा राग नाही. पण माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका, मग नाक सरळ होतं का बघा.

आधी माझं रूप सांगतो. माझं डोकं तुमच्या अंगठ्याएवढं, पोलादाचं. पुढे काचेचा एकच डोळा. डोळ्याभोवती बारीक दिव्यांचं कडं, चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. डोक्यामागे लांबलचक पिवळी तार. ती वाकते, वळते, पण सहसा मोडत नाही. ती एका लोखंडी चाकावर गुंडाळलेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला पेटीत बसवलेला छोटा पडदा. डोकं अंधारात आणि पडदा उन्हात. मी बघतो खाली, आणि दिसतं वर.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की काच बसवून झाल्यावर एका बाईने मऊ फडक्याने माझा डोळा पुसला होता आणि मी पहिल्यांदा पाहिलं ते तिचं बोट. मग खोक्यात निजून समुद्र ओलांडला आणि नागपूरला एका ठेकेदाराकडे आलो. हे दोन हजार सहा-सातच्या सुमाराचं. तिथे मी खूप राबलो. मोठमोठ्या इमारतींचे नळ, दवाखान्यांचे नळ, वसतिगृहांचे नळ. काम झालं की मला तसंच चिखलासकट जीपमध्ये भिरकावून देत. वाळलेली घाण खिळ्याने खरवडत. अशाच एका खिळ्याने माझ्या डोळ्याच्या कडेला कायमचा ओरखडा उमटला. पुढे माझ्याहून देखणा कॅमेरा आला आणि मी रंगाच्या रिकाम्या डब्यांखाली गेलो. किती काळ गेला कोण जाणे! अंधाराची मला सवय होती, पण तो अंधार कामाचा नव्हता. कामाचा अंधार आणि अडगळीचा अंधार यांत फार फरक असतो, मित्रांनो.

त्या अडगळीतून मला उचललं ते ग्यानीरामने.

ग्यानीराम गोंदियाचा नळकारागीर. जुना पंप घ्यायला नागपूरला आला होता. डबे सरकवताना माझी पिवळी तार त्याच्या पायात अडकली.

"हे काय होय जी?" त्याने विचारलं.

"नळात घालायचा कॅमेरा. डोळा खराब झालाय. पंपाबरोबर घेऊन जा," ठेकेदार म्हणाला.

ग्यानीरामने खांद्यावरच्या दुपट्ट्याने मला पुसलं, तार जोडली, पडद्यात पाहिलं आणि हसला. "काना नाही होय हा. जरासा तिरपा पाहते, एवढंच. आमच्या गावात तर अर्धे लोक तिरपेच पाहतेत."

त्याला मी का हवा होतो, ते मला हळूहळू कळलं. त्याच्या तरुणपणी एका घरची टाकी तुंबली, म्हणून त्याच्या ओळखीचा एक माणूस दोर बांधून आत उतरला आणि आतल्या वायूने बेशुद्ध झाला, लोकांनी दोराने वर ओढला. वाचला, पण त्याची छाती पुन्हा कधी मोकळी झाली नाही. चार पावलं चालला की धापा टाकत बसायचा. तेव्हापासून ग्यानीराम कुणालाही आत उतरू देत नसे. "मानूस नाही उतरवाचा," तो म्हणे. "तार उतरवा, बांबू उतरवा, दिवा उतरवा. मानूस नाही." मी आलो तेव्हा त्याने माझ्या चाकाला हळदीकुंकू लावलं. त्याच्या बायकोने, दुलारीने, जुन्या लुगड्याची मऊ खोळ शिवली. काम संपलं की तो मला साबणाच्या पाण्याने धुवायचा, कोरडं करायचा आणि त्या खोळीत ठेवायचा. इतक्या मायेची मला सवय नव्हती. पहिल्या रात्री मला त्या लुगड्यात झोपच आली नाही!

गोंदियात सुरुवातीला लोक हसले. "अरे ग्यानीराम, साँप पाल लिया क्या?" बाजारात कुणीतरी ओरडायचं. "हाव. दूध नाही पेत, म्हणून पाळला," हा उत्तर द्यायचा. नुसतं बघण्यासाठी कारागीर बोलवायचा, ही गोष्टच कुणाच्या पचनी पडत नव्हती. पण हळूहळू घरं उघडली. एका नळात मला अख्खी साबणाची वडी सापडली. एका नळात चेंडू. एका घरी तर आजोबांची हरवलेली कवळी माझ्या दिव्यांसमोर दात विचकून बसली होती. पडद्यात ती दिसताच घरातली पोरं किंचाळत पळाली. ती बाहेर काढून, उकळत्या पाण्यात घालून चकचकीत केली, तरी आजोबा काही तोंडात घ्यायला तयार होईनात. "तिनं मले तिथून पाह्यलं आहे," ते म्हणत.

असे दिवस चालले होते. आणि मग एका हिवाळ्यात आम्ही मुर्रीला गेलो. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो एक दिवस मी कधी विसरणार नाही.

मुर्री गोंदियाला अगदी चिकटून आहे. गावाच्या एका अंगाला नवी घरं, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पौष चालू होता. मळणी आटोपली होती, घरांवर तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे, पिवळे ढीग चढले होते. ग्यानीरामने मला लुनाच्या मागे बांधून भैय्यालालजींच्या दारात आणलं. पोवार समाजाचं घर. घरी धानाची शेती आणि थोडा तांदळाचा व्यापार. घरात भैय्यालालजी, त्यांच्या पत्नी सुमित्राबाई, मुलगा खुमेंद्र आणि वर्षभरापूर्वी आलेली सून नीतू. नीतू अर्जुनी मोरगावची. आम्हाला बोलावणं तिनेच धाडलं होतं.

दारातच तिने ग्यानीरामला थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? आमची माय पानीच पेत नाही."

"कायले?"

"जावं लागते म्हणून."

सासूबद्दल एवढंच ती बोलली आणि ग्यानीरामला सगळं कळलं. मलाही कळलं. पावसाळ्यापासून त्या घरचा संडास तुंबत होता. तरणी माणसं पलीकडच्या चुलतघरी जाऊन सोय पाहत. पण त्या घराच्या पायऱ्या उंच, आणि सुमित्राबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एकदा त्या पायरीवरच बसून राहिल्या होत्या, ना वर जाता येईना ना खाली. त्या दिवसापासून त्यांनी पाणीच तोडलं. सकाळी बोटभर चहा, जेवताना घास उतरण्यापुरता एक घोट. लघवीला जळजळ होऊन दोनदा ताप चढला. डॉक्टरने बजावलं, पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल. त्या डॉक्टरसमोर मान हलवायच्या आणि घरी आल्या की ओठ मिटून बसायच्या.

गल्लीत मात्र भलतीच कुजबुज. नवी सून आली आणि नळ तुंबला. शाम्पूच्या पुड्या टाकत असेल, केस टाकत असेल. नीतूने ते ऐकलं होतं. भांडली नाही. तिला त्या कुजबुजीपेक्षा सासूची कोरडी पडलेली जीभ दिसत होती.

आम्ही अंगणात आलो. कोपऱ्यात संडास-न्हाणी, समोर टोकाला वाडीच्या कुंपणाशी टाकी. मधे सारवलेलं अंगण, आणि त्या अंगणाच्या मधोमध उंबराचं एक कोवळं झाड. इकडे उंबराला डुमर म्हणतात. थंडीने त्याची पानं पिवळी पडून झडत होती. झाडाशेजारी बाजेवर सुमित्राबाई बसल्या होत्या. लहानखुऱ्या, सुकलेल्या, डोक्यावर पदर.

"दादा," त्या ग्यानीरामला म्हणाल्या, "काय पाहाचं ते पाहा. पन या डुमराले धक्का लागला नाही पाह्यजे. आधीच सांगून ठेवतो."

"काऊन माय, लय जिवाचा आहे का?"

"माझ्या सोनिकाच्या मांडवाची मेढ होय ती."

मग त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्यांच्या मुलीचं, सोनिकाचं लग्न याच अंगणात झालं. मांडवासाठी डुमराची हिरवी मेढ आणली. मेढ म्हणजे मांडवाचा खांब. त्यांच्या रीतीप्रमाणे ती घराच्या जावयाने गाडायची. भैय्यालालजींचे मेहुणे, बहिणीचे यजमान बिसरामजी, सब्बल, म्हणजे पहार, घेऊन उभे राहिले आणि त्यांनी खड्डा खणून मेढ रोवली. लग्न झालं. पोरगी बालाघाटकडे सासरी गेली. मांडव काढताना बघतात तर मेढीला तांबूस पालवी! मेढ जगली होती. मग ती उपटायला कुणाचा हात धजावेल? सुमित्राबाई रोज सकाळी तिला पाणी घालू लागल्या. झाड हिरवं, तर लेक सुखात. असं त्यांनी मनाशी बांधून घेतलं. फोनवर सोनिकाचा आवाज जरा बसलेला वाटला की त्या आधी झाडाची पानं मोजत.

स्वतः पाणी पीत नव्हती ती माउली, पण झाडाला गुंडभर, चांगलं घागरभर, घालत होती.

आता गवंड्यांनी काय सांगितलं होतं ते ऐका. दोघे येऊन गेले होते. एकाने बांबू घातला, तो अडला. दुसऱ्याने तेजाब ओतलं, नुसता धूर निघाला. दोघांचं म्हणणं एकच, की अंगण फोडावं लागेल, सगळं. आणि सुमित्राबाईंनी दोघांनाही पिटाळलं होतं. "म्हनूनच तुमचा हा सापवाला डोळा बोलावला," भैय्यालालजी म्हणाले. "कुठं बिघडलं ते नेमकं समजलं तर तेवढंच खोदू. बुढी पन खुश, झाड पन खुश."

सुमित्राबाईंनी हात जोडले. कुणाला ते मला दिसलं नाही. पण त्या काय मागत होत्या ते कळत होतं. बिघाड दुसरीकडे कुठेतरी निघावा.

ग्यानीरामने संडासामागच्या चौकटीचं, म्हणजे नळाचं तोंड असलेल्या चौकोनी खड्ड्याचं, झाकण उचललं, मला हातात घेतलं, दिवे लावले आणि नळाच्या तोंडाशी आणलं. "चाल बेटा," तो पुटपुटला.

मी उतरलो.

नळातला प्रवास कसा असतो, सांगू? आधी आपलाच उजेड आपल्यापुढे धावतो. गोल भिंती, थेंबांची झालर, कुठे पाण्याची बारीक रेघ. मागून ग्यानीरामचे हात तार पुढे सरकवत असतात. त्या हातांची घाई, त्यांचं थांबणं, त्यांची भीती, सगळं तारेतून माझ्यापर्यंत येतं. पहिला सांधा ठीक होता. दुसरा सांधा ठीक. शाम्पूची एकही पुडी नाही, केसांचा एकही पुंजका नाही.

"पाहा," वरून ग्यानीरामचा आवाज आला, "इथवर तर नळ आरशासारखा आहे. सुनबाईच्या नावानं बोंबलनाऱ्याइले बोलवा हो कोनी!"

मग पाणी वाढलं. मी बुडालो, वर आलो, पुन्हा बुडालो. आणि पुढे सरकलो तोच समोर काहीतरी हललं.

मुळं. बारीक, लालसर, रेशमासारखी हजारो मुळं. वरच्या बाजूने नळाला भगदाड पडलं होतं, आणि त्या भगदाडातून ती मुळं आत उतरून पाण्यात अशी पसरली होती, जशी न्हालेली पोर नदीच्या काठावर केस मोकळे सोडून बसते. त्यांतच सगळं अडलं होतं. मित्रांनो, इतकी सुंदर आणि इतकी दुःखाची गोष्ट मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, डोळा मिटावा. पण माझ्या डोळ्याला पापणी नाही. जे समोर आहे ते वर दिसणारच.

पडद्याभोवती सगळे वाकले होते.

"मुळ्या होत," अखेर ग्यानीराम म्हणाला.

"कायच्या?" सुमित्राबाई बाजेवरूनच म्हणाल्या.

ग्यानीरामने खिशातून चिंधी काढली. त्याची एक रीत होती. मी नळात अडलो, की चौकटीच्या तोंडाशी तो तारेवर कापडाची चिंधी बांधायचा. मग मला बाहेर ओढून, धुऊन, तीच तार वर अंगणात नळाच्या रेषेत पसरायचा. चिंधी चौकटीच्या तोंडाशी धरायची. जिथे माझं डोकं येईल, त्याच्या बरोबर खाली बिघाड. बोलून दाखवावंच लागत नाही. त्याने तार अंगणात टाकली. पिवळी तार सारवणावरून सरळ चालत गेली आणि माझं डोकं डुमराच्या बुंध्याला जाऊन टेकलं.

कुठेतरी कावळा ओरडला. सुमित्राबाईंनी बाजेवरून हात लांबवून बुंध्यावर ठेवला.

"राहू द्या मंग," सुमित्राबाई म्हणाल्या. "झाकून टाका. मी चुलतघरी जाईन. हळूहळू जाईन."

"माय, काल दिवसभरात तुम्ही किती पानी पेलात?" नीतूने विचारलं.

"पेलो ना."

"किती?"

"तू काय पोलीस होस का व? पेलो म्हटलं तर पेलो."

"दोन घोट. मी पाहून राहिलो होतो सकाळपासून. एक चहाचा, एक गोळीसंगं." नीतूचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का. "झाडाले गुंडभर, अन तुम्हाले दोन घोट. सोनिकाताईले हे सांगू का मी?"

"तिले नको सांगू!"

पण नीतूने तोवर फोन लावलाही होता, आणि आवाज मोठा करून बाजेवर ठेवलाही होता. तिने थोडक्यात सगळं सांगितलं. तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सोनिका बोलली.

"माय, मी त्या डुमरात राहतो, असं तुले कोनं सांगितलं?"

"तसं नाही व..."

"मी इथं माझ्या घरी राहतो. आत्ता भात लावला आहे. सासू बाजारात गेली आहे. जावई तुझा आडवा पडून टीव्ही पाहून राहिला. हे सुख नाही तर काय होय? अन तू तिथं तहानेनं मरशील, तर माझ्या डुमराले कोन पानी घालंल?"

आडवा पडलेला जावई तिकडून काहीतरी ओरडला, आणि इकडे भैय्यालालजींना हसू आवरेना. सुमित्राबाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. पण त्या लगेच सावरल्या. शेवटचं कारण त्यांच्यापाशी शिल्लक होतं, आणि ते भक्कम होतं.

"अवो, पन मेढ जवायानं गाडलेली. ती घरच्या मानसानं उपटू नाही. रीत आहे आपली."

नीतूने पदर खोचला. "मंग जवायालेच बोलवा!"

कुणालाच हे सुचलं नव्हतं. भैय्यालालजींनी मांडीवर थाप मारली. खरंच की! जावयाने गाडली, जावयाने उठवावी. मांडव तर रीतीने कधी उठलाच नव्हता. पोरगी सासरी नांदत होती आणि इकडे तिचा मांडव दोन वर्षं पाऊस-ऊन खात उभाच होता.

बिसरामजी शेजारच्याच गावी राहत. दुपारपर्यंत मोटारसायकलवरून हजर झाले. पांढरं धोतर, मिशीला पीळ, जावयाचा मान घ्यायच्या तयारीत. त्यांना आधी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग ग्यानीरामने पडद्यावरची साठवलेली चित्रं दाखवली. बिसरामजींनी भगदाडावर बोट ठेवलं.

"हे भोक कायनं पडलं?"

"तुम्हाले आठवते का जी," ग्यानीराम अदबीने म्हणाला, "खड्डा खोदताना काही टनक लागलं होतं?"

"लागलं ना! गोटा लागला होता. मी म्हटलं, जवाई होय मी, गोट्यापुढं हारीन का? दोन सब्बल असे हानले, असे हानले..." आणि बोलता बोलता बिसरामजींचा चेहरा उतरत गेला. "गोटा नाही होय का तो?"

"नळ होय जी."

अंगणात असा हशा पिकला की तणसावरची पाखरं उडाली. सुमित्राबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, हसता हसता रडत होत्या. बिसरामजींनी मिशी खाली केली. "म्हंजे पावसाळ्यापासून त्या पोरीच्या नावानं गल्ली बोलून राहिली अन करून बसलो मी," ते म्हणाले. मग उठून नीतूसमोर गेले. मोठा माणूस तो, तरी हात जोडले. नीतू लाजून घरात पळाली आणि आतूनच तिने आणखी चहा ठेवला.

मग काम सुरू झालं. अंगण फोडावं लागलं नाही. पाटाएवढी जागा मोकळी केली, बस्स. पण आधी सुमित्राबाईंनी डुमराला हळद लावली, कुंकू लावलं, बुंध्याशी तांदूळ ठेवले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या,

"डुमराच्या मेढीले बाई, हळदीचं बोट लावा,
लेक नांदते सासरी, मांडवाले निरोप द्यावा.

डुमराच्या मेढीले बाई, पान्याकाठी जागा देजो,
माझ्या अंगनाची सावली, शेतामंधी पसरू देजो."

बिसरामजींनी या खेपेला सब्बल हाती घेतली नाही. खुरप्याने, बोटांनी माती काढत गेले. मोठी मुळं सांभाळून सोडवली, नळातली तेवढी कापली. पानझडीचे दिवस होते ते बरंच झालं. झाड झोपेत असतं तेव्हा त्याला हलवलेलं सोसतं, असं भैय्यालालजी म्हणाले. ओल्या बारदान्यात मुळं गुंडाळून त्यांनी आणि बिसरामजींनी ते झाड गाडीवर घातलं आणि शेतातल्या बोडीच्या काठी नेऊन लावलं. बोडी म्हणजे शेताचं छोटं तळं. तिथे पाण्याला तोटा नव्हता आणि खाली कुणाचा नळही नव्हता.

इकडे ग्यानीरामने फुटका तुकडा काढून नवा नळ बसवला, आणि माती लोटण्याआधी मला पुन्हा एकदा आत सोडलं. नव्या नळात माझा उजेड अडखळला नाही. तो पुढे धावत गेला, धावत गेला, थेट टाकीच्या तोंडापर्यंत. "पाहा माय, रस्ता मोकळा!" ग्यानीराम वरून ओरडला.

मला बाहेर काढून हातपंपाशी धुवायला ठेवलं. दिवे अजून चालू होते, पडदाही. माझं तोंड बाजेच्या दिशेने होतं. म्हणून जे झालं ते पडद्यातही उमटलं.

सुमित्राबाईंनी नीतूला हाक मारली. "ए पोरी, पानी आन."

नीतूने गडवा भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, मान वर केली आणि पीत राहिल्या. थांबून श्वास घेतला, पुन्हा प्यायल्या. गळ्याची शीर वरखाली होत होती, हनुवटीवरून पाणी ओघळून लुगड्यावर पडत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. गडवा रिकामा करून त्यांनी तो उलटा करून नीतूला दाखवला, लहान मूल दुधाचा पेला दाखवतं तसा.

"आता मोज," त्या म्हणाल्या.

नीतू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. भैय्यालालजी उगाचच तणस नीट करायला निघून गेले.

पुढे फाल्गुनात ग्यानीरामला बाजारात नीतू भेटली. बोडीकाठच्या डुमराची सगळी पानं गळून गेली होती आणि सुमित्राबाई महिनाभर घाबऱ्या होत्या. पण नंतर एका फांदीला तांबूस कोंब आला. एकाच फांदीला. बाकीच्यांचं काय होईल ते कळत नव्हतं. "पन माय आता रोज बांधीपर्यंत जाते पाहाले," नीतू म्हणाली. "काठी टेकत, शिव्या देत. पन जाते."

मित्रांनो, आता मी थकलो आहे. मुर्रीनंतर आणखी काही वर्षं मी गोंदियाच्या घराघरांतून उतरलो. माझी तार दोन ठिकाणी जोडलेली आहे, डोळ्यावर धुकं धरतं, आणि ग्यानीरामकडे आता एक नवा कॅमेरा आहे. तो सरळ पाहतो. मी दुलारीच्या लुगड्याच्या खोळीत, कपाटाच्या वरच्या खणात असतो. कधीमधी ग्यानीराम मला काढतो, पुसतो, कसं काय चाललंय विचारतो, आणि पुन्हा ठेवतो. या अंधाराचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्याकडे माझं मागणं थोडंसंच आहे. नळात नको ते टाकू नका. अंगणात खड्डा खणण्याआधी खाली काय आहे ते घरातल्या जाणत्यांना विचारा. टाकीत माणूस उतरत असेल तर त्याला थांबवा, आणि माझ्यासारख्या एखाद्याला बोलवा. आमचा जीव जात नाही. आणि आणखी एक. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस पाणी नको, नको म्हणत असेल, तर 'प्या हो' म्हणून त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा आणि हळूच विचारा, का नको. उत्तर यायला वेळ लागेल, कारण ते उत्तर लाजेच्या फार खाली दडलेलं असतं, आणि तिथवर माझी तार पोहोचत नाही. तुम्ही पोहोचाल.